इंजिन काम करूनही गरम झाल्यावर ऑइलचा दिवा लागतो, खालून ठोका येतो: तपासणी कुठून सुरू करायची

इंजिन काम होऊन दोन-चार महिने होत नाहीत तोच गाडी परत येते. मालक म्हणतो, "भाऊ, बेरिंग तं नवीनच टाकले होते, तरी दिवा लागून रायला." जुनी जीप असो, डीआय इंजिनाची बोलेरो असो की ओम्नी, यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा हीच तक्रार आली आहे. त्यामुळे तपासणीचा क्रम आता पक्का झाला आहे: आधी फुकटात होणारं, मग थोड्या खर्चाचं, मग चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून, आणि अगदी शेवटी क्रँक (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) बाहेर काढून. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट न मोजता टाकलेला बेअरिंगचा सेट पुन्हा जातोच. म्हणून मोजण्याच्या भागावर मी जास्त लिहिलं आहे, तो भाग घाईत वाचू नका.

हे सगळं यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनांना आणि ओम्नी-८०० च्या ७९६ सीसी पेट्रोल इंजिनासारख्या साध्या इंजिनांना लागू आहे. कॉमन रेल डिझेलचं (एकाच जोरदार दाबाच्या पाइपातून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या इंजिनांचं) वेगळं आहे, ते त्या-त्या जागी सांगितलं आहे.

लक्षणं

सकाळी थंड इंजिनाला काहीच होत नाही. सेल मारला, गाडी सुरू झाली, दिवा विझला. वीस-पंचवीस किलोमीटर चालून कापसाच्या जिनिंगच्या रांगेत आयडलवर उभी राहिली की लाल दिवा आधी लुकलुकतो, मग लागूनच राहतो. थोडी रेस दिली की विझतो. उन्हाळ्यात, खास करून नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), हे जास्त दिसतं; थंडीत तीच गाडी कुरकुर करत नाही.

दुसरं लक्षण आवाजाचं. बिग एन्डचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगचा) ठोका कडक, ठळक असतो. गाडी मध्यम वेगात असताना ॲक्सिलरेटर हळूच सोडला की तो जास्त स्पष्ट होतो. मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आवाज जड, खोल, घुमणारा. चढावर, लोडवर वाढतो आणि पायाखालच्या पत्र्याला जाणवतो. पिस्टनचा आवाज थंडीत येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. टॅपेटचा आवाज वरून, हलका, टिकटिक असा. हे चार आवाज ओळखता आले तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

तिसरं: ऑइल काढल्यावर त्यात सोनेरी किंवा चंदेरी चमक.

यातल्या एका परिस्थितीत मात्र कुठलीही तपासणी करत बसायची नाही. रेस देऊनही दिवा विझत नसेल, किंवा दिवा आणि ठोका दोन्ही एकदम सुरू झाले असतील, तर गाडी जिथे आहे तिथेच बंद करा आणि ओढून आणा. "पाच किलोमीटरवर तं गाव हाय" म्हणून चालवत आणलेल्या गाडीची क्रँक ग्राइंड होण्याच्या पलीकडे जाते, कधी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. बेअरिंगच्या खर्चात सुटणारं काम मग ब्लॉकवर जातं.

पान्याला हात लावण्याआधी

चावी फिरवा, सेल मारू नका. दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी वायर काढून ठेवली आहे. सेकंडहँड गाडी घेताना हे पाहायलाच हवं, कारण गरम इंजिनाचा दिवा लपवायचा सगळ्यात सोपा मार्ग वायर काढणं हाच आहे.

मग ऑइलची काडी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. ऑइल कमी असेल तर भरून पाहा. वळणावर आणि चढावरच दिवा लागत असेल तर बहुतेक वेळा कारण एवढंच निघतं. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल तर मात्र थांबा, ही चांगली बातमी नाही. काडी नाकाजवळ न्या. डिझेलचा वास आला तर इंजेक्टर गळतो आहे, किंवा फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरात उतरतं आहे. ऑइल पातळ झालं की ते बेअरिंगमधून निसटतं, प्रेशर पडतं, आणि बिचाऱ्या बेअरिंगला दोष मिळतो. पेट्रोल गाडीत चोक अडकलेला असला तरी हेच घडतं. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलं आहे. हेड गास्केटकडे वळा, बेअरिंग नंतर.

ऑइलचा ग्रेडही विचारा. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच हवं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे पातळ ग्रेड टाकलेला असेल तर दिवा तिथे पहिल्यांदा बोलतो. उलट, दिवा विझावा म्हणून जाड ऑइल किंवा घट्ट करणारं ॲडिटिव्ह ओतणं मला मान्य नाही. काटा वर जातो, फट तेवढीच राहते, आणि सकाळच्या थंड सुरुवातीला ते जाड तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. झीज तिथेच होते.

स्विच, आणि खरं प्रेशर

दिवा हा मोजणारा काटा नाही. ऑइल प्रेशर स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या, म्हणजे ४ ते ७ पीएसआयच्या आसपास बदलतो. स्विच जुना होऊन गळायला लागला की चांगल्या इंजिनातही दिवा लागतो. वायरच्या टोकाशी ऑइल साचलं असेल तर आधी स्विचच बदला. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच.

त्याने भागलं नाही तर स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक प्रेशर गेज लावा. आटे जुळणारा ॲडॉप्टर घ्या, जबरदस्तीने पिळू नका. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की वेगळं काम निघतं. इंजिन पूर्ण तापू द्या, पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत किंवा वीस मिनिटं गाडी चालवून, आणि मग वाचा. जुना ढोबळ नियम असा, की गरम इंजिनात दर १००० फेऱ्यांना १० पीएसआय तरी हवेत. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो अंतिम.

काटा काय सांगतो ते असं. आयडलला कमी आणि रेसवर ठीक: तेल पातळ आहे किंवा बेअरिंग ढिले आहेत. आयडलला कमी आणि रेसवरही कमी: पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) किंवा फार मोठी फट. रेस दिल्यावर काटा वर जाऊन खाली कोसळतो: स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) चोक झाला आहे, पंपाला ओढायला तेल मिळत नाही. काटा थरथरतो: पंप हवा ओढतो आहे, ओढणाऱ्या पाइपाचं ओ-रिंग किंवा गास्केट पाहा. आणि आकडे बरोबर आले, तरी दिवा लागतो: वायर किंवा स्विच. चेंबर उतरवायची गरजच नाही.

गेजवर प्रेशर चांगलं आहे, पण ठोका येतो आहे, असंही होतं. तेव्हा कोणत्या सिलिंडरचा ठोका ते शोधा. पेट्रोलमध्ये एक-एक प्लग बंद करून पाहा. इन्सुलेटेड पक्कड वापरा, आणि काढलेली वायर बॉडीला टेकवलेली ठेवा. जुन्या यांत्रिक डिझेलमध्ये इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित ढिला करून त्या सिलिंडरचा जोर काढता येतो. ठोका कमी झाला तर त्याच कनेक्टिंगचं बेअरिंग. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नका. तिथे पाइपातलं प्रेशर हजार बारच्या वरही जातं. त्या फवाऱ्याने डिझेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. असं काही झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा.

फिल्टर कापा

ऑइल काढताना ते स्वच्छ टबात काढा आणि फिल्टर फेकू नका. पत्रा कापून कागद बाहेर काढा, पिळा, उन्हात पसरवा. कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतं ते पोलाद: रिंग, कॅम, टॅपेट, पंप. न चिकटणारं चंदेरी किंवा सोनेरी ते बहुतेक बेअरिंगचं. पोलादी पाठीवर तांबं-शिसं किंवा ॲल्युमिनियम-टिनचा थर, त्यावर अनेकदा आणखी एक पातळ मऊ थर, अशी बेअरिंगची बांधणी असते. तांबूस सोनेरी दिसलं म्हणजे वरचा मऊ थर गेला. इथून पुढे चेंबर उतरवावंच लागेल.

चेंबर उतरवल्यावर आधी बेअरिंगला हात लावू नका

आधी स्ट्रेनर पाहा. माझ्याकडे पुन्हा आलेल्या गाड्यांमध्ये मोठा वाटा इथल्या घाणीचा असतो, आणि ती घाण मागच्या इंजिन कामातच घातलेली असते. गास्केटला सिलिकॉन थापून लावलं की घट्ट करताना ते आत ओघळतं, तुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. दुसरी घाण कापसाच्या वेस्टची. आमच्या पट्ट्यात कापूस हाताशी, म्हणून पुसायला तोच. त्याचे तंतू क्रँकच्या भोकात आणि जाळीत अडकतात. इंजिनाचा आतला भाग पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती धोतर किंवा लुगडं घ्या, ज्याचा तंतू निघत नाही. सिलिकॉन लावायचंच असेल तर दोन मिलिमीटरची एकच बारीक रेघ, बोल्टच्या आतल्या बाजूने.

मग रिलीफ व्हॉल्व्ह. स्प्रिंग आणि प्लंजर काढून पाहा. प्लंजर आपल्या वजनाने सरकला पाहिजे. त्याखाली कचऱ्याचा कण अडकला की तेल बायपास होऊन परत चेंबरात पडतं. स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर वाढवणारे मिस्त्री आहेत. तसं करू नका, फिल्टरचं सील फाटतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. पंपाच्या गिअरची फट फिलर गेजने मोजा आणि कव्हरवर घासलेल्या खाचा पाहा. पंप संशयास्पद असेल तर बदला, दुरुस्त करू नका.

आता बेअरिंग

आधी का मोजायचं ते. दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटीतून तेल निसटण्याचा वेग फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फट ०.०४ मिमीची ०.०८ झाली तर त्याच प्रेशरला आठपट तेल वाहून जातं. पंप तेवढाच, गळती आठपट, म्हणून आयडलला काटा खाली येतो. आणि ०.०८ मिमी म्हणजे डोक्याच्या केसाएवढी जाडी. हाताने हलवून "थोडा प्ले हाय" किंवा "टाइट बसला" म्हणणाऱ्याला हा फरक कळूच शकत नाही. हात कितीही सरावाचा असला तरी.

फट किती हवी? जुना ठोकताळा दर इंच व्यासाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ०.०५ मिमी. छोट्या पेट्रोल इंजिनांमध्ये याहून कमी असते. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये नवीन असतानाची फट आणि कमाल मर्यादा असे दोन आकडे असतात; ते मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. फट कमी असणंही तितकंच वाईट. तेल आत फिरत नाही, उष्णता वाहून नेत नाही, आणि बेअरिंग पहिल्याच लांब प्रवासात धरतं.

कॅप (बेअरिंगचा एक अर्धा भाग धरणारा, बोल्टने बसणारा तुकडा) काढण्याआधी प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर नंबर आहेत का ते पाहा. नसतील तर स्वतः करा, एकाच बाजूला. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात जोडून बोअर केलेली असते. दुसऱ्याची कॅप किंवा तीच कॅप उलटी लावली की भोक गोल राहत नाही. मेन कॅपचंही तेच: नंबर आणि बाण.

काढलेले शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) क्रमाने कागदावर मांडा आणि वाचा. हे वाचणं मला या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुन्हा का गेलं याचं उत्तर इथेच असतं. सगळे शेल सारखे घासलेले असतील तर वय किंवा पातळ तेल. उभ्या रेघा आणि मऊ थरात रुतलेले कण म्हणजे माती: एअर फिल्टर, उघडं ठेवलेलं ऑइलचं तोंड, किंवा न धुतलेला ब्लॉक. सोयाबीन मळणीच्या दिवसांत उघड्या अंगणात जोडलेल्या इंजिनात हेच दिसतं. एकाच कडेला घासलेलं असेल तर रॉड वाकलेला किंवा जर्नल निमुळता. नवीन शेल टाकला तरी तिथेच जाणार. शेलची पाठ चकचकीत झाली असेल तर तो आपल्या जागेत सरकत होता, म्हणजे कॅप सैल किंवा घासलेली. वितळून पसरलेला थर म्हणजे तेल पोचलंच नाही. क्रँकमधलं भोक तपासा. रॉडमध्ये वरचा शेल आणि मेनमध्ये खालचा शेल जास्त घासलेला दिसणं स्वाभाविक आहे, कारण स्फोटाचा जोर तिथेच येतो. उलटं दिसलं तर थांबून विचार करा.

एक तपासणी सगळे विसरतात: मेनच्या वरच्या शेलमध्ये तेलाचं भोक असतं आणि ते ब्लॉकच्या भोकावर बसायला हवं. काही इंजिनांत वरचा आणि खालचा शेल वेगळा असतो. खालचा वर गेला तर त्या जर्नलला तेल बंद.

शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा, खोक्यावरचा नव्हे. एसटीडी म्हणजे मूळ मापाचा; ०२५, ०५०, ०७५, १०० म्हणजे तितक्या शतांश मिलिमीटरने ग्राइंड केलेल्या क्रँकसाठी. दुकानदार यांनाच १०, २०, ३०, ४० म्हणतात, ते थाऊचे आकडे. ०.२५ ग्राइंड केलेल्या जर्नलवर एसटीडी शेल टाकला तर फट पाव मिलिमीटरने वाढते आणि गाडी पहिल्या दिवसापासून ठोकते. चुकीच्या खोक्यातला सेट बसवलेली इंजिनं मी उघडून पाहिली आहेत.

मोजायची पद्धत

मायक्रोमीटर, ०.०१ मिमी वाचणारा, २५-५० आणि लागेल तर ५०-७५ चा. आधी सेटिंग रॉडवर शून्य तपासा. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा, अशी चार मापं. दोन ठिकाणांतला फरक म्हणजे निमुळतेपणा, काटकोनातला फरक म्हणजे लंबगोलपणा. ०.०१ मिमीच्या वर गेलं की बहुतेक कार इंजिनांची क्रँक ग्राइंडिंगला जाते.

उन्हाळ्यात एक काळजी जास्त. मापांचा जागतिक आधार २० अंश तापमान आहे. पोलाद तापलं की फुगतं: ५० मिमीचा जर्नल २५ अंशांनी जास्त तापला तर साधारण ०.०१४ मिमी वाढतो. क्रँक उन्हात आणि मायक्रोमीटर सावलीत असेल तर तुम्ही फटीचा तिसरा हिस्सा खोटा मोजला. म्हणून क्रँक, शेल, मायक्रोमीटर सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी, ऊन चढण्याआधी मोजा. हातात घट्ट धरून मायक्रोमीटर गरम करू नका.

बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजणारा) नसेल तर प्लास्टिगेज घ्या, शहरातल्या स्पेअरच्या दुकानात मिळतं किंवा मागवता येतं. ही मेणासारख्या प्लास्टिकची बारीक तार असते. हिरवी ०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठी, लाल ०.०५१ ते ०.१५२ साठी. कार इंजिनाला हिरवी. जर्नल आणि शेल पूर्ण कोरडे पुसा, कारण तेलात ती विरघळते. शेलच्या रुंदीएवढा तुकडा जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, तेलाच्या भोकावर नाही. कॅप लावा, टॉर्क पान्याने (बोल्ट ठरलेल्या जोराने ओढणारा पाना) दोन-तीन टप्प्यांत पूर्ण टॉर्क द्या. या वेळात क्रँक जराही फिरवायची नाही. कॅप काढा आणि चपटी झालेली पट्टी कागदावरच्या मापाशी सर्वात रुंद जागी लावा. दोन टोकांची रुंदी वेगळी असेल तर जर्नल निमुळता आहे. तार नखाने किंवा तेलाच्या फडक्याने काढा, पात्याने नाही.

इंजिन गाडीतच असेल आणि मेन मोजत असाल तर क्रँक स्वतःच्या वजनाने खाली लटकते आणि फट खोटी वाचली जाते. मोजायच्या मेनशेजारच्या काउंटरवेटखाली लाकडी ठोकळ्यावर छोटा जॅक देऊन क्रँक वर टेकवा. इंजिन उलटं करून बाकावर असेल तर हा प्रश्न येत नाही, आणि माझ्या मते मेन तसेच मोजावेत.

टॉर्क पाना नसेल तर काम थांबवा आणि आणा. अंदाजाने ओढलेल्या कॅपचं माप मोजण्यात अर्थ नाही. बोल्टच्या आट्यांवर मॅन्युअलमध्ये ऑइल लावायला सांगितलं असेल तर लावा, कारण कोरड्या आणि ओल्या आट्यांत त्याच टॉर्कला वेगळी ओढ येते. काही इंजिनांचे रॉड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तिथे कंजुषी नको.

क्रँकचा पुढे-मागे प्लेही पाहा. फिलर गेजने थ्रस्ट वॉशरपाशी (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारी चकती) मोजा. बहुतेक इंजिनांत ०.१ ते ०.३ मिमी. गाडीत असताना कोणालातरी क्लच दाबायला सांगा, पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर थ्रस्ट गेला. वॉशरच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात.

दोन गोष्टी करू नका

कॅप कानशीने घासून फट कमी करणं, आणि शेलच्या मागे सिगारेटच्या पाकिटातली पन्नी किंवा पितळेचा पत्रा घालणं. दोन्ही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. शेल आपल्या जागेत किंचित उंच असतो आणि कॅप ओढल्यावर दाबला जाऊन घट्ट बसतो. पाठ पूर्ण टेकल्यामुळेच उष्णता बाहेर जाते. कॅप घासली की भोक लंबगोल होतं, वर-खाली घट्ट आणि बाजूला सैल. पन्नी घातली की शेल मध्ये फुगतो, उष्णता अडते, आणि पन्नी सरकली तर तेलाचं भोकच बुजतं. आवाज आठवडाभर बंद राहतो, म्हणून लोकांना ते पटतं. ट्रॅक्टरवर चाललं असेल, दर मिनिटाला चार हजार फेऱ्या फिरणाऱ्या इंजिनावर चालत नाही. शेतमालाच्या पैशातून एकदाच इंजिन काम करणाऱ्या माणसाला हा उपाय सांगणं मला अन्याय वाटतो.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

जर्नल मर्यादेत आहेत, फट जास्त आहे: नवीन शेल घरी टाकता येतात, मोजून. जर्नलवर नखाला अडकणारी रेघ आहे, निमुळता किंवा लंबगोल आहे: क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात. नागपूर, अमरावती, अकोल्याला चांगली दुकानं आहेत. नवीन शेल विकत घेऊन सोबत द्या, हवी असलेली फट कागदावर लिहून द्या आणि परत आल्यावर स्वतः मोजा. कोपऱ्यातली गोलाई कायम ठेवायला सांगा. कोपरा धारदार झाला की तिथूनच क्रँक तुटते. तेलाच्या भोकांच्या कडा मारून घ्या आणि भोकांतला ग्राइंडिंगचा चुरा ब्रशने, डिझेलने, मग हवेने साफ करा. पृष्ठभाग कडक केलेली क्रँक असेल तर ग्राइंड चालते का ते आधी विचारा.

क्रँक निळी पडली असेल, मेन शेल जागेत फिरून ब्लॉकला खाच पडली असेल, मेनचा एकच मधला बेअरिंग वारंवार जात असेल, रॉड वाकलेला असेल, किंवा तडा असल्याचा संशय असेल, तर घरी हात लावू नका. लाइन बोअरिंग (मेनची सगळी भोकं एका रेषेत बोअर करणं), रॉड सरळ करणं, तडा तपासणं ही मशीनची कामं आहेत. ज्या इंजिनात खालचा सगळा भाग एकाच ॲल्युमिनियमच्या तुकड्यात आहे आणि शेल रंगाच्या खुणेने निवडायचे आहेत, तेही माहितगाराकडेच. आणि इंजिन बाहेर काढायचं असेल तर कडुनिंबाच्या फांदीला किंवा गोठ्याच्या आढ्याला साखळी बांधू नका. डिझेल इंजिन दोनशे किलोच्या वर जाऊ शकतं. लोखंडी तिपाई आणि चेन पुली भाड्याने मिळते. तीही नसेल तर गॅरेजमध्ये न्या.

जोडताना

ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे बुच काढून आतून ब्रश फिरवा. शेलची पाठ कोरडी, पुढची बाजू ऑइलने भिजलेली. एक-एक कॅप टॉर्क करा आणि प्रत्येकीनंतर क्रँक हाताने फिरवा. चौथी लावल्यावर जड झाली तर दुखणं चौथ्यातच आहे; सगळ्या लावून मग शोधत बसू नका.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी फिल्टर ऑइलने भरा. पेट्रोलमध्ये प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडवून, डिझेलमध्ये स्टॉप ओढून, दहा-दहा सेकंद सेल मारा, मध्ये मोटर थंड होऊ द्या. गेजवर काटा उठेपर्यंत इंजिन सुरू करू नका. उठलाच नाही तर पंपात हवा आहे किंवा काहीतरी उलटं बसलं आहे. सेल मारत राहण्याऐवजी उघडा. सुरू झाल्यावर गेज लावलेलाच ठेवून गरम करा आणि गरम आयडलचा आकडा लिहून ठेवा. पहिले काही दिवस ना जास्त रेस, ना ट्रॉली, ना चिखलदऱ्याचा घाट.

पाचशे किलोमीटरच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टरही कापून पाहा. थोडा बारीक काळा कचरा चालतो. सोनेरी कण पुन्हा दिसले, किंवा गरम आयडलचा आकडा लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा उतरला, तर गाडी तिथेच उभी करा आणि मोजलेल्या मापांचा कागद सोबत घेऊन ग्राइंडिंगवाल्याकडे जा.